स्वातंत्र्याचा मेळावा जुगाराच्या शहरात भरावा का?

सोनोरन

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहून टाकतो. लांबलं तर सांभाळून घ्या.

लास वेगासला फ्रीडमफेस्ट नावाचा मेळावा भरतो. मधली काही वर्षं सोडली तर कित्येक उन्हाळे तो तिथेच भरत आलाय. अर्थतज्ज्ञ मार्क स्काउसेन यांनी तो सुरू केला. व्यक्तिस्वातंत्र्य, खुली बाजारपेठ आणि कमीत कमी सरकार मानणारी माणसं तीन-चार दिवस एकत्र येतात. भाषणं होतात, वाद झडतात, पुस्तकांचे गाळे लागतात, माहितीपट दाखवतात. २०१५ मध्ये ट्रम्प आणि मार्को रुबिओ दोघंही तिथे बोलून गेले. मी २०२४ च्या जुलैत गेलो होतो.

हे विचार मला परके नाहीत. चिंचवडला बाबांचं छोटं वर्कशॉप होतं. पत्र्याच्या कोट्यासाठी त्यांनी सरकारी कचेरीत किती खेटे घातले, हे ऐकतच मी मोठा झालो. 'परवाना' हा शब्द घरात कुणी उच्चारला की आईच्या कपाळाला आठी पडायची.

फिनिक्सहून गाडीने पाच तास लागतात. किंगमन मागे पडलं की नुसतं वाळवंट, आणि मग कोलोरॅडो नदीवरचा उंच पूल. गाडी लावून मी पायी पुलावर गेलो. समोर हूव्हर धरण, त्याच्या मागे मीड तलाव, आणि तलावाच्या कडेच्या खडकांवर लांबच लांब पांढरा पट्टा. पाणी पूर्वी कुठवर होतं त्याची ती खूण. त्याच आठवड्यात वेगासने १२० फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ ४९ सेल्सियसचा आजवरचा उच्चांक गाठला होता. कठड्यावर हात टेकवला तो झटक्यात मागे घ्यावा लागला.

जेवायला बोल्डर सिटीत थांबलो. धरणावरच्या मजुरांसाठी १९३१ मध्ये केंद्र सरकारने वसवलेलं हे गाव. दारूबंदी होती ती १९६९ मध्ये उठली, जुगारबंदी मात्र आजही आहे. जुगाराला मज्जाव असलेली गावं अख्ख्या नेवाडात दोनच, त्यांतलं हे एक. रस्त्याकडेला झाडं, ठेंगणी घरं, बागेत निवांत बसलेली म्हातारी माणसं. तिथून अर्ध्या तासात स्ट्रिप, म्हणजे वेगासचा मोठमोठ्या कॅसिनो-हॉटेलांचा रस्ता.

हॉटेलच्या लिफ्टमधून उतरून सभागृहाकडे जायचं तर कॅसिनोतूनच जावं लागायचं. खिडकी नाही, घड्याळ नाही. सकाळी आठला एक आजीबाई यंत्रासमोर बसलेल्या दिसल्या. हॉटेलचं सभासद-कार्ड यंत्रात खोचलेलं होतं आणि कार्डाला लावलेली गुंडाळीची प्लास्टिक दोरी त्यांच्या ब्लाउजच्या बटणाला अडकवलेली होती. माझ्याही गळ्यात मेळाव्याचा पट्टा होता आणि त्यावर 'फ्रीडम' असं छापलं होतं. दुपारी परत आलो तेव्हा त्या तिथेच होत्या. संध्याकाळीही.

लोक म्हणतात की मेळाव्याला वेगास शोभतं, कारण इथे प्रौढ माणसाला कुणी अडवत नाही. मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण जुगार वाईट हे नाही. माझं कारण असं की वेगास हे परवान्यांचं शहर आहे.

१९ मार्च १९३१ ला गव्हर्नर फ्रेड बालझार यांनी जुगार कायदेशीर करणाऱ्या कायद्यावर सही केली. त्याआधी वीसएक वर्षं बंदी होती. खाणी आटल्या होत्या, मंदी डोक्यावर बसली होती, तिजोरीत खडखडाट होता. त्याच वर्षी घटस्फोटासाठी लागणारं वास्तव्यही सहा आठवड्यांवर आणलं. नड होती म्हणून दार उघडलं. पुढे १९५५ मध्ये जुगार नियंत्रण मंडळ आलं, १९५९ मध्ये आयोग आला. आजचा नेवाडाचा कायदा स्वच्छ सांगतो की कॅसिनोचा परवाना हा हक्क नव्हे, सरकारने दिलेली सवलत आहे आणि ती काढून घेता येते. वकिली भाषा बाजूला ठेवली तर आपल्याकडे याला मेहेरबानी म्हणतात.

आणि एकदा मेहेरबानी मिळाली की सरकार पाठीशी उभं राहतं. जुन्या वेगासमधल्या फ्रीमाँट रस्त्यावर आज मोठं झगमगतं छत आहे. त्या प्रकल्पाच्या पार्किंगसाठी १९९३ मध्ये शहराने एका विधवा बाईची दुकानांची जागा सक्तीने घेतली. नवऱ्याने म्हातारपणाची सोय म्हणून मागे ठेवलेली मिळकत होती ती. गाड्या कुणाच्या लागणार, तर कॅसिनोंच्या गिऱ्हाइकांच्या. दहा वर्षं खटला चालला आणि २००३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. नंतर तडजोड झाली, पण दुकानं गेली ती गेलीच. नवं फुटबॉलचं स्टेडियम बघा: हॉटेल-खोल्यांवरच्या करातून ७५ कोटी डॉलर सार्वजनिक पैसा, मंजुरी २०१६ ची.

खासगी मालमत्ता पवित्र आहे हे सांगणारी सभा त्या पार्किंगपासून काही मैलांवर भरते, आणि मी ऐकलेल्या एकाही भाषणात त्या बाईचा उल्लेख नव्हता. मला हे लागलं. तुम्हाला काय वाटतं?

हेंडरसनकर

सतरा वर्षं इथे राहतोय, त्यांतली अकरा एका मोठ्या हॉटेलच्या देखभाल विभागात गेली. वातानुकूलन, पंप, जनित्रं हे माझं काम. लेख मनापासून लिहिलाय हे दिसतं, पण आमच्या गावावर थोडा अन्याय झालाय.

आधी व्यवहाराचं बोलतो. इथे दीड लाखाच्या आसपास हॉटेल-खोल्या आहेत. जुलैतला मधला आठवडा म्हणजे आमचा मंदीचा काळ, खोल्या मातीमोल दराने जातात. विमानतळ स्ट्रिपला खेटून. असल्या मेळाव्यांना येणारी सगळी माणसं पैसेवाली नसतात. निवृत्त शिक्षक, छोटे दुकानदार, कॉलेजची पोरं मी स्वतः बघितली आहेत. हीच सभा न्यूयॉर्कला भरवली तर त्यांतली निम्मी घरी बसतील. ज्याला खेळायचं नाही त्याला खेळ म्हणून कुणी हात धरत नाही. मी अकरा वर्षांत एक डॉलर लावला नाही.

पाण्याचं म्हणाल, तर दक्षिण नेवाडाचं ९० टक्क्यांच्या आसपास पाणी कोलोरॅडोचं, हे खरं. पण नेवाडाचा वाटा किती, तर वर्षाला ३ लाख एकर-फूट (एक एकरावर फूटभर उभं राहील इतकं पाणी म्हणजे एक एकर-फूट). कॅलिफोर्नियाचा ४४ लाख, तुमच्या ॲरिझोनाचा २८ लाख. शिवाय नळातून मोरीत गेलेलं जवळपास सगळं पाणी शुद्ध होऊन पुन्हा तलावात जातं. पाणी खरं मुरतं ते घरांपुढच्या हिरवळीत.

आणि गावाचा जन्म बघा ना. १५ मे १९०५ ला रेल्वे कंपनीने रणरणत्या उन्हात भूखंडांचा जाहीर लिलाव केला, त्यातून हे गाव उभं राहिलं. बोली लावा, जागा घ्या. याहून खुला बाजार कुठला?

अवांतर: स्ट्रिप वेगास शहरात नाहीच. ती पॅराडाइज नावाच्या वस्तीत येते. शहराने हद्द वाढवून कर लावू नये म्हणून १९५० मध्ये ती वेगळी काढली.

सोनोरन

हेंडरसनकर, लिलावाचा मुद्दा मी विसरलोच होतो, बिनशर्त मान्य. खोल्यांचंही मान्य. मला स्वतःला खोली फिनिक्समधल्या साध्या मोटेलपेक्षा स्वस्त पडली होती. पण पॅराडाइजची गोष्ट माझ्याच बाजूने जाते असं मला वाटतं. जागा वेगळी काढायची ताकद कॅसिनोवाल्यांकडे होती. फ्रीमाँटच्या बाईंकडे नव्हती.

दोनशून्य

गणिताचा मास्तर आहे, त्यामुळे आकड्यांचं बोलतो.

अमेरिकन रुलेच्या चाकावर ३८ घरं असतात. १ ते ३६, एक शून्य, आणि एक दोनशून्य (माझं नाव तिथूनच आलंय). तुम्ही प्रत्येक घरावर एक डॉलर लावला तर लागले ३८. जे घर लागेल त्यावर ३५ पट मिळतात आणि लावलेला एक परत येतो, म्हणजे हाती ३६. दर फेरीला दोन डॉलर कॅसिनोचे, म्हणजे ५.२६ टक्के. युरोपातल्या एक शून्याच्या चाकावर हेच २.७० आहे. स्ट्रिपवर आता तीन शून्यांची चाकंही आली आहेत, त्यांवर ७.६९. चाक तेवढंच, टेबल तेवढंच, फक्त एक घर वाढवलं. वर्गात पोरांना हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "मग लोक खेळतात कशाला?"

आता धाग्याशी संबंध. मी कांदे घेतो तेव्हा मला कांदे हवे असतात आणि विकणाऱ्याला पैसे. दोघंही खूश होऊन घरी जातात. खुल्या बाजाराच्या बाजूचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद हाच आहे. रुलेच्या टेबलावर अशी देवघेव नसते. करमणुकीचं मोल म्हणून कुणी पाच टक्के देत असेल तर खुशाल द्यावे, सिनेमाच्या तिकिटासारखे. पण जो घराचं कर्ज फेडण्यासाठी खेळतो तो करमणूक विकत घेत नाही, त्याचा हिशेबच चुकलेला असतो.

आणखी एक. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की ब्लॅकजॅकमध्ये गेलेली पानं लक्षात ठेवली तर पारडं खेळणाऱ्याकडे झुकवता येतं. फसवणूक नाही, यंत्र नाही, नुसतं डोकं. नेवाडातले कॅसिनो अशा माणसाला बाहेर काढू शकतात. न्यू जर्सीत १९८२ च्या निकालानंतर नुसती पानं मोजली म्हणून काढता येत नाही. जागा मालकाची तेव्हा मर्जी मालकाची, हे तत्त्व मला मान्य आहे. पण जिंकणारं गिऱ्हाईक चालत नाही अशा दुकानाला बाजाराचा आदर्श म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सायली७१

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. माझ्याकडे आकडे नाहीत.

माझा धाकटा भाऊ पुण्यात नोकरी करतो. वेगासला तो कधी गेला नाही, जायची गरजही पडली नाही. मोबाईलवर पत्ते खेळायचा. आधी पन्नास रुपये, मग पाचशे. पहाटे तीनला पाणी प्यायला उठले की त्याच्या खोलीच्या दाराखालून निळा उजेड दिसायचा. मला वाटायचं ऑफिसचं काम करतोय. आईच्या पाटल्या कपाटात नाहीत हे दिवाळीत लक्षात आलं.

प्रौढ माणसाला कुणी अडवत नाही असं लोक म्हणतात, हे वर आलंय. म्हणजे जे होतं ते त्याच्या संमतीने. संमती तो रात्री नऊला द्यायचा, जेवून, शांत डोक्याने, पाचशे रुपयांपुरती. पहाटे तीनला चाळीस हजार लावले तेव्हा ती संमती कुणाची होती? आणि त्या कंपनीला हे कळत होतं. तो दोन दिवस खेळला नाही की त्याला फुकट रक्कम पाठवायचे. सोनोरन, तुमच्या त्या आजीबाईंची दोरी वाचली आणि मला तेच आठवलं.

मी स्वातंत्र्याच्या विरोधात नाही हो. माझ्या लग्नाचा निर्णय मी एकटीने घेतला, घर सोडून राहिले, मला त्याची किंमत ठाऊक आहे. म्हणून विचारते, त्या मेळाव्यात व्यसनावर कुणी बोललं का?

सोनोरन

सायलीताई, मी होतो त्या सत्रांत नाही. खरं सांगतो, हा प्रश्न मलाही सुचला नव्हता. आजीबाई डोळ्यांसमोर होत्या तरी सुचला नव्हता.

परळकर

सायलीताईंचं दुःख समजतो. माझ्या चाळीत असली चार घरं होती. तरी दुसरी बाजू मांडतो, कारण ती मी जवळून पाहिली आहे.

आमच्या गिरणगावात मटका होता. सुरुवात कशी झाली, तर न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले भाव तारेने मुंबईत यायचे आणि त्यांच्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. ते बंद पडल्यावर साठच्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी पत्ते आणि मडकं घेऊन आकडा काढायला सुरुवात केली. गिरणीची पाळी सुटली की पानाच्या टपरीवर चिठ्ठ्या फाटायच्या. ओपन, क्लोज, जोडी, पाना हे शब्द पोराटोरांना पाठ. माझे काका साचेखात्यात होते, पगाराच्या दिवशी काकू गेटवर जाऊन उभी राहायची.

मटक्याला कायद्याने बंदीच होती. बंदीने काय थांबलं? हप्ता सुरू झाला. टपरीवाल्याचा, हवालदाराचा, वरच्याचा. हरलेल्याने तक्रार कुठे करायची? वेगासात निदान यंत्र किती टक्के परत देतं यावर सरकारी तपासणी आहे, जिंकलेले पैसे मिळतात, आणि कर तिजोरीत जातो.

महाराष्ट्राची गंमत तर वेगळीच नाही का? १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा केला, तो एक दिवसही अमलात आणला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द केला. सत्तेचाळीस वर्षं कायदा पुस्तकात आणि मटका रस्त्यावर.

सायली७१

परळकर दादा, ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राचा बंदीचा कायदा आला त्या रात्री मी देवापुढे दिवा लावला. तुम्ही म्हणता तसं तो चोरून दुसरीकडे जाईल ही भीती मलाही आहे. पण निदान क्रिकेट बघताना दर षटकानंतर जाहिरात येत नाही. आजारी माणसाच्या तोंडासमोर ताट धरणं तरी थांबलं.

मांडवीकाठ

पणजीहून लिहितोय. संध्याकाळी नदीकाठच्या रस्त्यावर फिरायला गेलं की समोर कॅसिनोच्या बोटी. दिव्यांचे रंग पाण्यावर पसरलेले, जेटीवर पाहुण्यांची रांग. लहानपणी आम्ही याच काठावर बसून पलीकडच्या बेतीची फेरीबोट मोजायचो.

सोनोरन यांचा परवान्याचा मुद्दा आमच्याकडे अगदी चपखल बसतो. गोव्यात जुगारबंदीचा कायदा १९७६ चा. १९९२ मध्ये त्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना वाट दिली, १९९६ मध्ये पाण्यावरच्या जहाजांत पत्त्यांच्या टेबलांना. दर निवडणुकीत प्रत्येक पक्ष सांगतो की बोटी मांडवीतून हलवू, आणि निवडणूक झाली की मुदतवाढ. बोटी तिथेच.

आणि २०२० पासून गोंयकाराला कॅसिनोत प्रवेश नाही. पाहुण्याने खेळावं, घरच्याने खेळू नये. हे मला फार खुपतं. वस्तू चांगली असेल तर ती माझ्या मुलाला का नको? वाईट असेल तर नागपूरच्या, बेळगावच्या पोराला का चालते? सरकारला उत्तर ठाऊक आहे, पण शुल्काची रक्कम मोठी आहे.

उद्या कुणी म्हणालं की गोव्यात स्वातंत्र्याचा मेळावा भरवू, तर मी मडगाव सुचवीन. १८ जून १९४६ ला डॉ. राममनोहर लोहियांनी तिथे सभाबंदी मोडली. ज्या जागेवर माणसाला दोन शब्द बोलल्याबद्दल पकडून नेलं, तिथे स्वातंत्र्यावर बोलताना आवाज आपोआप खाली येतो.

दोनशून्य

मांडवीकाठ, शेवटच्या ओळीसाठी धन्यवाद.

ग्रंथपाल

मडगाववरून आठवलं. वेगासमध्येही अशी जागा आहे, पण तिकडे मेळाव्याची बस जात नाही.

पन्नाशीच्या दशकात स्ट्रिपवर कृष्णवर्णीय गायक रंगमंचावर गाऊ शकत, पण त्याच हॉटेलात राहू किंवा जेवू शकत नसत. कार्यक्रम संपला की त्यांना शहराच्या पश्चिमेकडच्या वस्तीत खोली शोधावी लागे. या शहराला तेव्हा 'पश्चिमेचं मिसिसिपी' म्हणत. मे १९५५ मध्ये मूलां रूज नावाचं हॉटेल-कॅसिनो उघडलं. गोरा-काळा सगळ्यांना एकाच दारातून प्रवेश असलेलं शहरातलं ते पहिलं. गर्दी तुफान झाली, आणि तरी काही महिन्यांत ते बंद पडलं. मार्च १९६० मध्ये जेम्स मॅकमिलन या दंतवैद्याने, ते तिथल्या नागरी हक्क संघटनेचे अध्यक्ष होते, स्ट्रिपवर मोर्चा काढण्याचा इशारा दिला. मोर्चाच्या आधी कॅसिनोमालक, शहराचे अधिकारी आणि संघटना मूलां रूजच्या बंद इमारतीत बसले, आणि २६ मार्चला हॉटेलांची दारं सगळ्यांना उघडली गेली.

खुल्या बाजाराचे अभ्यासक म्हणतील की धंद्याचं नुकसान दिसलं म्हणून मालक नमले. नागरी हक्कवाले म्हणतील की मोर्चाच्या धाकाने नमले. दोन्ही खरं आहे, आणि हा वाद त्या जागेवर उभं राहून घालण्यासारखा आहे. मला विचाराल तर याच कारणासाठी मेळावा वेगासलाच हवा. स्वातंत्र्याचे इतके अवघड प्रश्न एका गावात क्वचित सापडतात.

हेंडरसनकर

ग्रंथपाल यांच्याशी शंभर टक्के सहमत, आणि त्यात आमच्या कामगारांची भर घालतो. इथल्या हॉटेलातल्या खोल्या आवरणाऱ्या बाया, स्वयंपाकी, वाढपी यांची कलिनरी युनियन आहे, साठ हजारांच्या घरात सभासद. फ्रंटियर हॉटेलचा संप २१ सप्टेंबर १९९१ ला सुरू झाला आणि १९९८ च्या फेब्रुवारीच्या तोंडावर मिटला. सहा वर्षं चार महिने. साडेपाचशे माणसं, दिवसरात्र पाळ्या लावून दारात उभी, उन्हाळ्याच्या ११० डिग्रीतही. एकानेही संप मोडून आत पाऊल टाकलं नाही. माझ्याबरोबर काम करणारी एक मेक्सिकन बाई तेव्हा पोटुशी होती, तिने मला रांगेतले दिवस सांगितले आहेत. मालकाला मर्जी आहे तशी कामगारालाही आहे. तिच्या खोल्या आवरण्याच्या पगारावर तिन्ही मुलं शिकली आणि घर झालं. लोकांना वेगासमध्ये फक्त चाक आणि पत्ते दिसतात, ही बाई दिसत नाही, याचं वाईट वाटतं.

मांडवीकाठ

एक शंका. या मेळाव्याचे संस्थापक मॉर्मन आहेत ना? त्या पंथात जुगार वर्ज्य असतो असं वाचलं होतं.

ग्रंथपाल

हो, आहेत. पंथाचा जुगाराला ठाम विरोध आहे आणि त्यांच्या यूटा राज्यात लॉटरीसुद्धा नाही. पण वेगासशी त्यांचं नातं जुनं आहे. १८५५ मध्ये इथे मातीच्या विटांची गढी बांधली ती मॉर्मन वसाहतकारांनी, तिचा काही भाग अजून उभा आहे. शंभर वर्षांनी कॅसिनोंना कुठली बँक दारात उभं करत नव्हती तेव्हा कर्ज देणारे पॅरी थॉमस हेही मॉर्मनच. स्वतः खेळायचं नाही, पण दुसऱ्याला अडवायचंही नाही. याला कुणी दुटप्पीपणा म्हणेल. मला ती सहिष्णुता वाटते.

सोनोरन

सगळ्यांचे आभार. माझं मत थोडं हललं आहे, ते नोंदवतो.

मेळावा दुसरीकडे जाऊ शकतो हे तर झालंच आहे. २०२१ मध्ये निर्बंधांमुळे तो साउथ डकोटातल्या रॅपिड सिटीला गेला, २०२३ मध्ये मेम्फिसला, २०२५ मध्ये पाम स्प्रिंग्जला. म्हणजे वेगास हा काही देव्हारा नव्हे. तरी ग्रंथपाल आणि हेंडरसनकर यांच्यामुळे मला वाटायला लागलंय की वेगासला भरवायला हरकत नाही, पण एक दिवस सभागृह सोडून बाहेर पडलं पाहिजे. सकाळी बोल्डर सिटी आणि धरण, दुपारी फ्रीमाँटचं पार्किंग आणि मूलां रूजची जागा. आणि एक सत्र व्यसनावर, सायलीताईंच्या प्रश्नावर, ज्यात कॅसिनोच्या माणसालाही बसवावं. मी आयोजकांना पत्र लिहिणार आहे. इंग्रजीत मसुदा झाला की इथे मराठीत टाकतो, सुधारणा सुचवा.

गिरणाकाठ

राम राम. बागलाण तालुक्यातून लिहितो. कांदा आणि मका. उशिरा आलो, कांद्याची काढणी चालू होती.

वर एकानेही सट्ट्याची गोष्ट काढली नाही, म्हणून लिहितो. आम्ही पेरतो तेव्हा भाव ठाऊक नसतो. पाऊस कधी येईल ठाऊक नसतं. निर्यात कधी बंद होईल हे तर ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. वेगासच्या चाकावर ३८ घरं तरी ठरलेली आहेत, मास्तर. आमच्या चाकाची घरं खेळ चालू असताना बदलतात.

यावर इलाज म्हणून वायदे बाजार असतो. आज ठरलेल्या भावाने चार महिन्यांनी माल द्यायचा, म्हणजे जोखीम दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. पण आपल्याकडे त्याला सट्टा म्हणतात, आणि एकदा सट्टा म्हटलं की बंदी घालायला कुणाचा हात अडखळत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये बाजारांवर देखरेख करणाऱ्या सेबीने हरभरा, सोयाबीन, मोहरी, गहू, मूग, भात आणि कच्चं पामतेल यांचे वायदे थांबवले. जुगार कशाला म्हणायचं आणि बाजार कशाला, हे ठरवणारा शेतात कधी येत नाही. म्हणून तुमचा मेळावा कुठं भरवावा या चर्चेत मला रस आहे. शब्दांची गल्लत झाली की मरतो आम्ही.

आपल्याकडे शरद जोशींनी हेच सांगितलं, चाकणच्या कांद्यापासून. आमच्या सटाण्याला १९८२ च्या जानेवारीत शेतकरी संघटनेचं पहिलं अधिवेशन झालं, माझे वडील मांडव घालायला होते. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला बायांचं अधिवेशन झालं, लाखांनी बाया आल्या, त्यात माझी आई होती. खुला बाजार हा शब्द मी पुस्तकात नाही, आईच्या तोंडून ऐकला.

सोनोरन

गिरणाकाठ दादा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. एक विनंती आहे. आईंना विचाराल का, की चांदवडच का निवडलं? मोठं शहर का नाही?

गिरणाकाठ

काल रात्री जेवताना विचारलं. ती म्हणाली, जागा कुणी निवडली ते मला नाही ठाऊक. आमच्या गावातून चौदा बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेल्या. फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधलेला. धाकटी मावशी अंगावर पिणारं पोर घेऊन आली होती. नाशिकला असतं तर मामंजींनी रात्रीचं राहू दिलं नसतं, मुंबई तर लांबच. चांदवडला दिवस उगवायला निघालं की उन्हं चढायच्या आत पोचता येत होतं.